काही नाही, तुम्ही सांगा

मिचीलच्या गाडीत बसायचं असेल तर दोन गोष्टी हव्यात. पायात चांगले बूट आणि पोटात सांगण्यासारखं काहीतरी. हिवाळ्यात लेना नदी गोठली की तो आमच्या अरिलाखहून याकुत्स्क शहराला बर्फावरून गाडी नेतो, आणि शहरात शिकणारी आमच्या गावची पोरं सुट्टीला त्याच्याच गाडीनं घरी येतात. पोरगं आत शिरलं, दार आपटलं, की आरशात बघत मिचील म्हणणार, "सांग."

आता आमच्याकडे भेटल्यावर 'सांग' असंच म्हणतात, आणि समोरच्यानं 'काही नाही, तुम्ही सांगा' असंच म्हणायचं असतं. आजोबा-पणजोबांपासून चालत आलंय. मग चहा येतो, लोणी येतं, हवापाण्याच्या गोष्टी होतात, घोड्यांची चौकशी होते, आणि खरंच काही सांगायचं असलं तर माणूस ते उठता उठता, टोपी घालता घालता सांगतो. पुष्कळदा तर टोपी घालून तसाच निघून जातो. पण मिचीलपुढे हे चालत नाही.

"काही नाही काका, तुम्ही सांगा."

"काही नाही कसं? कानाची पाळी काळी पडलीय. टोपी कुठाय?"

"हरवली."

"वर्गाला जातोस का?"

"जातो की."

"रोज?"

पोरगं कॉलर नाकावर ओढून घेतं.

"रात्री झोप लागते? रडू येतं?"

"काका, एवढ्या लोकांत काय विचारता!"

"लोक झोपलेत. सांग."

झोपलेलं कोणी नसतं. सगळी गाडी कान टवकारून बसलेली असते. पण नदी भली रुंद, गाडी हळू, उतरून जायला जागा नाही. पैलतीर येईपर्यंत पोरगं बोलतंच. पोरं पाठीमागे त्याला 'पोलीस' म्हणतात, तरी पुढच्या सुट्टीला त्याच्याच गाडीत जागा धरतात.

आणि आयाबायांना तर मिचील म्हणजे देवमाणूस. "पोरगा असावा तर असा," म्हणतात. "बाप गेला तसा कॉलेजवर लाथ मारून आला. घोडे राखले, आईला एक दिवस एकटं पडू दिलं नाही. नाहीतर आमचे दिवटे!" हे असं कोणी गाडीत बोललं की मिचील रेडिओचा आवाज वाढवतो. लोक म्हणतात, किती विनय! विनय कसला डोंबलाचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. पण ते कोणाला ठाऊक? त्याच्या कॉलेजातल्या सोबत्याला, दोह्सुनला, अर्धं ठाऊक होतं, आईला अर्धं ठाऊक होतं. दोन्ही अर्धी मिळून पुरं होतं ते एकट्या मिचीलला.

सतराव्या वर्षी तो शहरात गेला तेव्हा गावातून पूल-इमारतींचं शिकायला गेलेला तो पहिलाच. बाप उइबान घोडे राखणारा. दिवसभरात बोलला तर घोड्यांशी बोलायचा. पण पोराला निरोप देताना त्यानं सगळ्यांसमोर 'इंजिनियर' म्हणून हाक मारली, आणि तेव्हापासून मिचीलचं नाव घेणंच सोडलं. पाणी आण रे इंजिनियर. टोपी घाल रे इंजिनियर.

वसतिगृहात एका खोलीत चौघं. खिडकीच्या दोन काचांमध्ये बोटभर बर्फ, त्यातच लोणी ठेवायचं. घरून आलेलं मांस आणि दुधाच्या गोठवलेल्या चकत्या पिशवीत घालून खिडकीबाहेर टांगायच्या, आणि वरच्या मजल्यावरचे चोर गळ टाकून ती पिशवी उचलत नाहीत ना, यावर डोळा ठेवायचा. सबंध मजल्याला एक चूल. तिच्यापाशी मोठ्या वर्गातल्यांचा राबता. नव्या पोराचं पातेलं कोपऱ्यात ते कोपऱ्यात.

हे सगळं सोसलं असतं. थंडीचं तर काय, थंडी गावातही तीच. पण गावात थंडीला काम असतं. बर्फ फोडायचा, गवत टाकायचं, लाकडं फोडायची, आणि आत आलं की कोणीतरी विचारतं, हात बघू. शहरातली थंडी नुसती रिकामी. सकाळी अंधारात निघायचं, धुकं असं की पुढे धरलेला हात दिसू नये, बसथांब्यावर माणसं उभी असतात पण दिसत नाहीत, नुसतं खोकणं ऐकू येतं. वर्गातून बाहेर पडावं तर पुन्हा अंधार. आठवडेच्या आठवडे त्याला ऊन लागलं नाही आणि कोणी नावानं हाक मारली नाही. बापानं दिलेल्या घोड्याच्या कातड्याच्या कोटाला तबेल्याचा वास यायचा. वर्गात मिचील बसला की शेजारचा सरकून बसायचा. मग मिचीलनं कोट बाहेर काढून ठेवायला सुरुवात केली आणि नंतर वर्गालाच जाणं सोडलं.

खरी गोम होती जिभेत. गावची शाळा आमच्या भाषेत, इथे सगळं रशियनमध्ये. लिहिताना जमायचं. पण परीक्षा तोंडी. टेबलावरची चिठ्ठी उचलायची आणि मास्तरांसमोर बसून बोलायचं. मिचीलनं चिठ्ठी उचलली. उत्तर येत होतं, अगदी आकृतीसकट येत होतं. मास्तर म्हणाले, "बोला." आणि ह्याची जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटली. दुसऱ्यांदा संधी दिली, तेव्हाही तेच. जानेवारीच्या शेवटी त्याला बोलावून सांगण्यात आलं की नाव काढलंय, सामान उचला.

सामान उचलून जायचं कुठे? घरी? 'इंजिनियर' म्हणणाऱ्या बापासमोर उभं राहायचं आणि म्हणायचं काय?

तेव्हा दोह्सुन धावून आला. दोह्सुन म्हणजे शेजारच्या पलंगावरचा, शहरातच वाढलेला, बडबड्या. त्याच्या जिभेला हाड नव्हतं आणि पोटात पाप नव्हतं. "बाहेर मरायला जातोस काय या थंडीत?" तो म्हणाला. "राहा इथेच. तपासणीला आले की पलंगाखाली जा. तुझा देह म्हणजे केवढा!"

आणि मिचील खरोखरच पलंगाखाली जाऊ लागला. दिवसा बाजारात गोठलेले मासे उतरवायचं काम करायचा, संध्याकाळी चोरासारखा खोलीत शिरायचा. दाराशी बसणाऱ्या म्हातारीला सगळं कळत होतं, पण ती विणकामातून मान वर करत नसे. पलंगाखाली धुळीत पडल्या पडल्या त्याला एकच वाटे, घरी जावं. आईच्या चुलीपाशी बसावं, बापाबरोबर घोड्यांना गवत टाकावं. गाड्या रोज जात होत्या. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत राहिला. उन्हाळ्यात बघू, उन्हाळ्यात सांगू.

मार्चमध्ये, ऊन जरा दिसायला लागल्यावर, एका दुपारी बाप दारात उभा. खांद्यावर पोतं. पोत्यात शिंगराचं मांस, दुधाच्या चकत्या, आणि किंतानात गुंडाळलेला गावच्या तळ्यातल्या बर्फाचा मोठा तुकडा.

"नळाच्या पाण्याचा चहा म्हणजे काय चहा!" असं म्हणत उइबाननं बर्फ खाली ठेवला, टोपी काढली आणि पलंगावर बसला. त्याच पलंगावर. "सांग."

"काही नाही बाबा. तुम्ही सांगा."

"काही नाही."

दोह्सुन खोलीत होता. त्याचं तोंड उघडलेलं मिचीलनं पाहिलं आणि असे डोळे वटारले की तो किटली उचलून बाहेर पळाला. मग बाप-लेक दोघेच. बर्फ वितळवून चहा झाला. मिचीलनं मांस कापून पुढे ठेवलं. बापानं एकही तुकडा घेतला नाही.

"गाडीत खाल्लं," तो म्हणाला. "तू खा. वाळलायस."

"अभ्यास, दुसरं काय."

"जड जातंय?"

"छे! मास्तर खूश आहेत माझ्यावर."

हे आपण का बोललो, ते मिचीलला आजवर कळलेलं नाही. 'बरं चाललंय' एवढ्यावर भागलं असतं. पण खोट्याला एकदा बस म्हटलं की ते पाय पसरतं. त्यानं मास्तरांची नावं सांगितली, परीक्षेत न मिळालेले गुण सांगितले. बाप मान डोलवत ऐकत होता. त्याचा एक हात बरगडीखाली, पट्ट्यापाशी दाबलेला होता. पट्टा सैल करत असेल, असं मिचीलला वाटलं.

"बर्फावर कवच आलंय यंदा," कप खाली ठेवत उइबान म्हणाला. "घोड्यांना उकरून चरता येत नाही, पायांना लागतं. गवत घालावं लागतंय. त्यात आता शिंगरं व्हायचे दिवस."

"हं."

"मधे काही दिवस... म्हणजे उन्हाळ्याच्या आधी, येणं काही होणार नाही ना तुझं?"

मिचीलच्या अगदी ओठांवर आलं. आत्ता, या क्षणी, पोत्यात घालून न्या मला, असं त्याला म्हणायचं होतं. पण आत्ताच तर त्यानं गुण सांगितले होते! आता कोणत्या तोंडानं म्हणणार, की मी रिकामा आहे?

"कसलं येणं बाबा! श्वास घ्यायला फुरसत नाही."

"बरं, बरं. चांगलं आहे." बाप उठला. उठताना पलंगाची कड धरली. टोपी घातली. मिचील वाट बघत होता, कारण आमच्याकडे खरं ते टोपी घालताना निघतं. बापही क्षणभर दारात थांबला, जणू तोही वाट बघत होता.

"कान झाक रे इंजिनियर," तो म्हणाला आणि गेला.

मे महिन्यात नदीवरचा बर्फ फुटला. तेव्हा आमचा पैलतीर जगापासून तुटतो. बर्फाचे घराएवढे तुकडे एकमेकांवर चढत खाली जातात, गाडी नाही, नाव नाही. आणि नेमका तेव्हाच गावच्या पोस्टातून वसतिगृहात फोन आला. दाराशी बसणारी म्हातारी त्या दिवशी पहिल्यांदा विणकाम खाली ठेवून उठली, आणि मिचीलच्या खांद्यावर हात ठेवून तिनं सांगितलं की उइबान गेला.

मिचील नदीवर धावला. तिथे काय होतं? करकर, धडधड आणि बर्फ. तो रोज जाऊन काठावर उभा राहायचा. पलीकडे बापाला पुरलं, शेजाऱ्यांनी माती लोटली, आणि हा अलीकडे हात चोळत उभा. पहिली नाव सुटली तेव्हा तो तिच्यात बसून घरी पोचला.

आई ओकुलुन चुलीपाशी बसली होती. रडून रडून तिचे डोळे कोरडे झाले होते.

"तुला न्यायलाच आले होते रे ते," ती म्हणाली. "मार्चमध्ये. पोटात गाठ होती. डॉक्टर म्हणाला, आजच भरती व्हा, लगेच कापायला हवी, मग दोन महिने तरी उठायचं नाही. हे म्हणाले, घोड्यांना कोण बघणार? मुलाला विचारून येतो. तो आला घरी तर मी दवाखान्यात राहतो."

मिचीलनं चुलीत एक लाकूड सारलं.

"परत आले आणि म्हणाले, पोरगं अभ्यासात बुडालंय, मास्तर त्याच्यावर खूश आहेत. त्याला कशाला उठवायचं? शिंगरं होऊन जाऊ देत, मग बघू. खूश होते रे. मरेपर्यंत तुझे गुण सांगत होते सगळ्यांना."

त्या वेळी बोलायला हवं होतं. पण घरात शेजारीपाजारी बसलेले, आई अशी. मिचीलच्या तोंडून एवढंच निघालं, "मी आता परत जात नाही. इथेच राहतो."

"अरे, आणि शिक्षण?" कोणीतरी विचारलं.

"सोडलं."

झालं! दुसऱ्या दिवसापर्यंत गावभर झालं की उइबानच्या पोरानं बापाच्या घोड्यांसाठी शिक्षणावर पाणी सोडलं. जो तो येऊन पाठ थोपटून गेला. आईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "त्यांना कळलं असतं तर रागावले असते तुझ्यावर." त्या मांडीवर डोकं ठेवून मिचीलनं पुन्हा एकदा जीभ गिळली, आणि मग ती तीस वर्षं गिळलेलीच राहिली. लग्नाचा विषय निघाला की तो घोडे बघायला जायचा. पुढे गाडी घेतली, पोरांना बोलतं करायला लागला. परक्यांच्या पोरांना.

आईचं मात्र रोजचं ठरलेलं. तो शहरातून येवो नाहीतर नुसता अंगणातून, दारात पाऊल पडलं की ती विचारायची, "सांग." आणि तो म्हणायचा, "काही नाही आई, तू सांग." मग ती सांगायची. कोणाची गाय व्याली, कोणाच्या सुनेनं तोंड वर केलं. ऐंशीच्या घरात गेली तरी तिच्याकडे सांगायला खंड नव्हता.

गेल्या हिवाळ्यात गावात नव्या शाळेची इमारत बघायला शहरातून इंजिनियर आला. मिचील घोड्यांना गवत टाकून आला, दार उघडलं, तर थंडीच्या वाफेबरोबर आत शिरताना त्याला ओळखीचं हसणं ऐकू आलं. आईसमोर टेबलाशी बसलेला, पोट सुटलेला, टक्कल पडलेला माणूस हातवारे करत होता.

"...आणि काकू, तपासणीवाले आले की हा असा पलंगाखाली! एकदा शिंकला! मी म्हटलं, मीच शिंकलो. ते म्हणाले, तुझं तोंड तर बंद होतं!"

आई हसत होती. डोळे पुसत हसत होती. "अरे पण पलंगाखाली कशाला?"

"दोह्सुन," मिचील दारातून म्हणाला.

"आला, आला! ये लेका, तुझ्याच गोष्टी चालल्यात. अहो काकू, कशाला म्हणजे? नाव काढलं होतं ना याचं! राहायला परवानगी कुठे होती? आम्ही लपवला होता याला, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. तुम्हाला याची मर्दुमकी सांगितली नाही का यानं?"

"दोह्सुन, पुरे."

"पुरे काय? तीस वर्षं झाली, आता हसायच्याच गोष्टी! आणि काका आले ना, बर्फ घेऊन, तेव्हा मी म्हटलं आता हा सांगणार. काकांनी विचारलं, सांग, आणि हा शहाणा म्हणतो, काही नाही! मी बोलणार तोच यानं असे डोळे वटारले..." दोह्सुननं डोळे वटारून दाखवले आणि एकटाच हसला.

आईचा हात कपावर तसाच राहिला होता. "नाव कधी काढलं?" तिनं विचारलं.

"जानेवारीत, काकू."

"आणि हे आले ते मार्चमध्ये."

"हो. उन्हं पडायला लागली होती."

ती मिचीलकडे बघत होती. तो दारातच उभा होता, आणि मागून वाफेचे लोट आत येत होते.

"दार लाव," ती म्हणाली. "गारठा येतोय."

त्यानं दार लावलं.

"म्हणजे तू तेव्हा मोकळाच होतास," आई म्हणाली.

"हो."

दोह्सुन एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघायला लागला. आपलं काय चुकलं, ते त्याला कळेना. बिचाऱ्यानं चहा संपवला आणि उठला.

दुसऱ्या दिवशी मिचील त्याला शहरात सोडून आला. वाटेत त्यानं रेडिओ लावला नाही आणि कोणाला काही विचारलं नाही. अंधार पडायच्या सुमाराला घरी पोचला. टोपी काढली, पाय झटकले आणि नेहमीसारखा दारापाशी थांबला.

आईनं कप मांडले. तळ्यातल्या बर्फाच्या पाण्याचा चहा ओतला, लोण्याची वाटी पुढे सरकवली, मांस कापून ठेवलं. त्याचे हात गार पडले असतील म्हणून कप त्याच्या बाजूला ढकलला. सगळं केलं, पण ती बोलली नाही. मिचील टोपी हातात धरून वाट बघत राहिला. शेवटी त्यालाच राहवलं नाही.

"आई," तो म्हणाला, "सांग."

"काही नाही," ती म्हणाली.

पुढचं 'तू सांग' ती म्हणाली नाही. तेव्हापासून ती ते म्हणत नाही.